मोबाइल आपल्या हाती, मराठी मात्र दुसऱ्याच्या हाती

जालना जिल्ह्यातील मुस्लिम व्यापारी आणि कारागीर मराठी बोलण्यात कोणाला हार जाणारा नाही. आठवडी बाजारात पाल टाकून बसणारा मनियार असो, भोकरदन-जाफराबादकडे कापडाचे गाठोडे घेऊन फिरणारा फेरीवाला असो, की जालन्यात दुकान मांडून बसलेला आमच्यासारखा कापडवाला असो, गिऱ्हाइकाशी भाव तो मराठीतच करतो. उधारी मराठीत मागतो आणि "कापूस निघू द्या, मग देतो" हे उत्तरही मराठीतच ऐकून घेतो. पण हीच मराठी कागदावर लिहून समोर आली की त्याची नजर अडखळते आणि तो कागद शेजाऱ्याच्या हातात देतो. उर्दू माध्यमाच्या शाळेतून निघालेल्या आमच्या पिढीतील पुष्कळांची आजही हीच अवस्था आहे.

पूर्वी यावाचून फारसे अडत नव्हते. रोजमेळ आणि खतावणी आम्ही उर्दूत लिहीत होतो. विक्रीकराचे काम वकील पाहत असे आणि कचेरीत जायचे झाले तर एखादा ओळखीचा कारकून मदतीला असे. गेल्या दहा वर्षांत हे सारे बदलले. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर पैसे मोबाइलवर येऊ लागले आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटीने प्रत्येक ताग्याचा हिशेब पोर्टलवर नेला. माल मागवण्याचा निरोप, बिल्टीचा फोटो, बँकेचा संदेश, वीजबिल, नगरपालिकेची नोटीस, सरकारी योजनेचा अर्ज हे सगळे आता हातातल्या त्या चार बोटांच्या काचेवर येते. त्यात जे राज्य सरकारचे आहे, महावितरणचे आहे, ग्रामपंचायतीचे किंवा बाजार समितीचे आहे, ते बहुतेक मराठीत असते.

म्हणून आमचे म्हणणे असे की मोबाइल शिकणे आणि लिखित मराठी शिकणे ही आता दोन कामे राहिलेली नाहीत. एक सोडून दुसरे येणार नाही. आणि हे शिकणे घरातल्या किंवा दुकानातल्या एकाच हुशार पोरावर सोपवून भागणार नाही. मालक, गडी, कारागीर आणि घरातल्या बायका या सर्वांना त्यात वाटा मिळाला पाहिजे.

न वाचण्याची किंमत

प्रथम नुकसान पाहू, कारण व्यापाऱ्याला नुकसानीची भाषा लवकर कळते.

उद्योगाची नोंदणी म्हणजे 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. आधी वगळलेल्या किरकोळ आणि ठोक व्यापाऱ्यांनाही जुलै २०२१ पासून तिचे दार उघडले आणि बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जासाठी ती उपयोगी पडू लागली. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. आधार क्रमांक आणि पॅन असले, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकता आला, म्हणजे काम होते. तरीही आपल्यातले किती जण दलालाला पैसे मोजून ती करून घेतात, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या दहा जणांना विचारून पाहावे.

'पीएम विश्वकर्मा' योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यात अठरा धंदे आहेत. शिंपी, लोहार, सुतार, गवंडी, न्हावी, धोबी, चर्मकार, कुलूप बनवणारे हे त्यांपैकी काही. आपल्या समाजात हे धंदे करणारी घरे थोडी नाहीत. ओळख पटल्यानंतर प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचे ई-व्हाउचर, पहिल्या टप्प्यात एक लाख आणि नंतर दोन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तिची मांडणी आहे. इतकेच नव्हे, मोबाइलवरून केलेल्या प्रत्येक व्यवहाराला एक रुपया, महिन्याला शंभर व्यवहारांपर्यंत, असेही प्रोत्साहन ठेवले आहे. म्हणजे योजनेने हे गृहीतच धरले की लोहार आणि शिंपी मोबाइल वापरणारा आहे. अर्जाची स्थिती, प्रशिक्षणाची तारीख, व्हाउचर हे सारे संदेशाने येते. जो संदेश वाचत नाही, त्याची तारीख निघून जाते आणि मग तो म्हणतो, "आम्हाला कोण विचारतो?" तक्रारीला जागा आहेच. पिंजारी, मनियार, अत्तार यांचा त्या यादीत वेगळा उल्लेख नाही, हे आम्हालाही खटकते. पण तो उल्लेख मागायचा तरी अर्ज लिहावा लागेल, आणि तो मराठीत लिहावा लागेल.

तिसरे नुकसान चोरीचे आहे. लग्नपत्रिका म्हणून एक फाइल येते, उघडली की मोबाइलचा ताबा दुसऱ्याकडे जातो. "पैसे मिळवण्यासाठी पिन टाका" असा निरोप येतो आणि भोळा दुकानदार पिन टाकतो. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. पिन टाकण्याआधी पडद्यावर रक्कम आणि ती कोणाला जाणार हे लिहिलेले असते. ती ओळ ज्याला वाचता आली, तो वाचला. ज्याला नाही आली, तो बोलणाऱ्याच्या आवाजावर विश्वास ठेवतो, आणि ठगाचा आवाज नेहमी गोड असतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. तिथेही व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम वाचून सांगावी लागते.

शिकणे नवे नाही

काही जण म्हणतात, आम्ही उर्दूत शिकलो, आता या वयात मराठी लिपी काय गिरवायची? काहींना असेही वाटते की मराठी जवळ केली तर उर्दू दूर जाईल. या दोन्ही शंकांचे उत्तर आपल्या मराठवाड्याच्या इतिहासात आहे.

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वरचे शिक्षणही उर्दूत होते. त्या काळी जालना, अंबड, परतूरच्या मराठी माणसाला नोकरी हवी असेल, जमिनीचा कागद समजून घ्यायचा असेल, तर उर्दू शिकावी लागे. शेकडो घरांनी ती शिकली. त्यांचे मराठीपण त्यामुळे कमी झाले नाही. आमच्या लहानपणी बाजारात असे वृद्ध हिंदू व्यापारी होते, जे उर्दू वर्तमानपत्र आमच्यापेक्षा जलद वाचत. पुढे राज्य बदलले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा ठरली. वेळ आता आपली आहे. त्यांनी जे केले तेच आपण करायचे आहे, यात कमीपणा कसला?

आणि उर्दूचे मोल संपले म्हणावे, तर तेही खरे नाही. २०२३ साली आपल्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तेव्हा निजामकाळातील दप्तरे बाहेर निघाली. त्यांतले पुष्कळ कागद उर्दूत आणि मोडीत होते आणि ते वाचणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला. मराठा शेतकऱ्याच्या आजोबाची नोंद उर्दूत सापडत होती. ज्याला दोन्ही लिप्या येतात, असा माणूस त्या वेळी सर्वांना हवा होता.

१५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू ठेवण्यास हरकत नाही असा निकाल दिला. भाषा ही धर्माची नसून ती बोलणाऱ्या लोकांची, त्या भागाची असते, असा त्या निकालाचा आशय होता. आपण तो निकाल आनंदाने एकमेकांना पाठवला. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. उर्दू जर फक्त मुसलमानाची नाही, तर मराठीही फक्त दुसऱ्या कोणाची नाही. जालन्यात जन्मलेल्या माणसाची ती आहे. २०२५ साली मुंबईकडे मराठीवरून दुकानदाराला मारहाण होण्यापर्यंत गोष्टी गेल्या. त्या आम्हाला पसंत नाहीत. दंडुक्याच्या भीतीने नव्हे, आपल्या गरजेने आणि आपल्या हक्काने मराठी लिहिता-वाचता आली पाहिजे.

अर्धे शब्द आपलेच

मराठी कागद कठीण वाटतो याचे कारण लिपी आणि थोडे शब्द. पण त्यातले निम्मे शब्द आपल्या घरचे आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अर्ज, मुदत, मंजूर, रद्द, तपशील, शिफारस, रक्कम, जमा, बाकी, वसूल, कर्ज, जामीन, वारस, हक्क, मालक, तालुका, जिल्हा, तहसील, जप्ती, तारीख हे सारे अरबी-फारसीतून आलेले शब्द मराठीने शेकडो वर्षांपासून वापरले आहेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) अशा शब्दांपुढे ते अरबी की फारसी हेही खुणेने दिले आहे. कवी माधव जूलियन यांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' काढला. श्रीपाद जोशी यांचे उर्दू-मराठी कोशाचे काम तर आपल्यासारख्यांच्याच सोयीचे आहे. मोल्सवर्थचा कोश आज मोबाइलवर फुकट पाहता येतो.

मात्र एक धोका आहे आणि तो उर्दू जाणणाऱ्यालाच अधिक आहे. काही शब्द दिसायला आपले, पण मराठीत त्यांचा अर्थ वेगळा. उर्दूत 'खुलासा' म्हणजे थोडक्यात सार. मराठी नोटिशीत "सात दिवसांत खुलासा सादर करावा" असे असेल तर तुम्ही असे का केले याचे स्पष्टीकरण मागितले आहे. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल किंवा कृती, मराठीत ती आक्षेप. "हरकती मागविण्यात येत आहेत" या ओळीवर मुदतीत आक्षेप दिला नाही तर शेजारच्या जागेचा नकाशा मंजूर होऊन जातो. उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद, मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. 'हफ्ता' आपल्याकडे आठवडा, बँकेच्या संदेशात 'हप्ता' म्हणजे कर्जफेडीची रक्कम. 'राजीनामा' उर्दूत समझोत्याचा कागद, मराठीत नोकरी सोडल्याचा. 'सही' आपल्याकडे बरोबर, मराठीत दस्तखत. 'दाखला' आपल्याकडे शाळेतला प्रवेश, मराठीत प्रमाणपत्र. 'तालीम' तर सर्वांना माहीत आहे. आपल्याकडे ती शाळेत मिळते, मराठीत आखाड्यात.

उरलेले शब्द संस्कृत वळणाचे आहेत. त्रुटी म्हणजे कमतरता. प्रलंबित म्हणजे अजून पडून असलेले. पडताळणी म्हणजे जाँच. देयक म्हणजे बिल. लाभार्थी म्हणजे ज्याला फायदा मिळणार तो. अधिवास म्हणजे राहण्याचे ठिकाण. विहित नमुना म्हणजे ठरवून दिलेला फॉर्म. स्वयंघोषणापत्र म्हणजे स्वतःच्या सहीने दिलेला हलफनामा समजा. आमच्या अनुभवाने असे साठ-सत्तर शब्द पाठ झाले की व्यापाऱ्याचे बहुतेक मराठी कागद उलगडतात. ज्या माणसाला शंभर जातींच्या कापडांची नावे आणि भाव तोंडपाठ आहेत, त्याला साठ शब्द जड जाऊ नयेत.

मोबाइल उस्ताद कसा होईल

आता लिपीचे. उर्दू उजवीकडून चालते, मराठी डावीकडून. 'ळ' आपल्याकडे नाही, 'ण' आपण 'न' म्हणतो, ऱ्हस्व-दीर्घाची सवय नाही आणि जोडाक्षरे डोळ्यांना गुंता वाटतात. शाळेत 'परिचय' म्हणून मराठी शिकलो ती परीक्षेपुरती. या अडचणी खऱ्या आहेत. पण आपल्याजवळ एक मोठे भांडवल आहे, ते म्हणजे आपल्याला मराठी बोलता येते. आणि मोबाइल बोललेले लिहून दाखवतो.

गूगलच्या कळफलकात मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांतले बोलून लिहिणे ऑगस्ट २०१७ मध्ये एकाच वेळी आले. कळफलकात मराठी भाषा निवडावी, माईकचे चित्र दाबावे आणि म्हणावे, "दोनशे मीटर पांढरे कापड पाठवा, मागच्या वेळचा माल आखूड निघाला." समोर देवनागरीत ते वाक्य उमटते. ते वाक्य आपले आहे, अर्थ आधीच ठाऊक आहे, म्हणून अक्षर ओळखायला सोपे जाते. 'पाठवा' कसा दिसतो, 'आखूड' कसा दिसतो, हे डोळ्यात बसते. एखादा शब्द चुकीचा उमटला तर तो बोटाने दुरुस्त करावा. त्या दुरुस्तीतच खरे शिकणे आहे. लहान मूल आधी बोलते आणि मग वाचते. आपलेही तसेच होईल.

दुसरा उपाय उलटा आहे. वीजबिलावर किंवा नोटिशीवर मोबाइलचा कॅमेरा धरला की गूगल लेन्स त्यातली अक्षरे ओळखते, वाचून ऐकवते आणि उर्दूत तरजुमाही देते. मात्र तरजुम्यावर डोळे मिटून विसंबू नये. वर सांगितलेले 'खुलासा' आणि 'हरकत' यांसारखे शब्द यंत्रालाही चकवू शकतात. रक्कम, तारीख आणि शेवटची ओळ नेहमी मूळ मराठीतून स्वतः वाचावी.

तिसरे, बालभारतीची पुस्तके. १९६७ साली स्थापन झालेली पुण्याची ही संस्था मराठीबरोबर उर्दूतही पाठ्यपुस्तके काढते. मराठी माध्यम नसलेल्या शाळांसाठी तिचे 'सुलभभारती' हे मराठीचे पुस्तक आहे आणि ते तिच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येते. आपल्या नातवंडांच्या दप्तरातही ते असते. आजोबाने नातवासोबत ते वाचण्यात लाज कसली?

कोणी म्हणेल, मोबाइल जर सगळे ऐकवतो आणि सगळ्याचा तरजुमा करतो, तर शिकण्याची माथेफोड कशाला? याचे उत्तर व्यापारातच आहे. आम्ही तीस वर्षे गादीवर बसतो आहोत. तोंडी सांगितलेल्या मालावर जितकी भांडणे होतात, तितकी लिहिलेल्या मालावर होत नाहीत. आज व्हॉट्सॲपवर सारा बाजार आवाजी निरोपावर चालला आहे. पाच मिनिटांच्या निरोपात मीटर किती, रंग कोणता आणि पैसे कधी, हे दहा दिवसांनी कोणी शोधत नाही. लिहिलेली ओळ लगेच सापडते. उधारीचा व्यवहार मुदत ठरवून लिहून ठेवा, हा तर सूरह बकराच्या २८२ व्या आयतीचा आदेश आहे. कुरआनातली ती सर्वांत लांब आयत व्यवहाराच्या लिखाणाविषयी आहे. ज्याला लिहिता येते त्याने लिहून देण्यास नकार देऊ नये, असेही त्यात आहे. ही दुसरी गोष्ट आपल्या शिकलेल्या तरुणांनी ध्यानात घ्यावी.

आणखी कोणी म्हणेल, जीएसटीचे पोर्टल तर इंग्रजीत चालते, मग इंग्रजीच का शिकू नये? जरूर शिकावी. सुरत-मुंबईशी व्यवहार करणाऱ्याला ती लागतेच. पण तहसील, ग्रामपंचायत, पोलीस ठाणे, वीज कंपनी आणि आपले गिऱ्हाईक यांच्याशी गाठ रोजची आहे, आणि ती मराठीत आहे. शिवाय बोलता येणारी भाषा वाचायला शिकणे हे न येणारी भाषा मुळापासून शिकण्यापेक्षा कितीतरी सोपे काम आहे.

शिकण्यात वाटा सर्वांचा

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे ज्ञान एका माणसाजवळ साचते. घरात एक मोठा मोबाइल, तो मुलाकडे. दुकानात एक मोबाइल, तो मालकाकडे. मुलगा कॉलेजला गेला की घराचे सारे संदेश बंद. आठ-दहा वर्षांच्या पोराला दुकानातून हाक मारून "हे वाच रे" म्हणायचे आणि त्याने वाचले तेच खरे मानायचे, असे किती ठिकाणी चालते! त्या पोराला 'प्रलंबित' म्हणजे काय हे कसे कळणार?

सरकारनेही काही वेगळे केले नाही. 'पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' २०१७ मध्ये सुरू झाले आणि ३१ मार्च २०२४ रोजी संपले. त्यात देशभर सहा कोटींहून अधिक लोकांना वीस तासांचे शिक्षण मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. परंतु नियम असा होता की एका घरातील एकच माणूस, आणि तोही खेड्यातील. जालना शहरातील शिंपी त्यात बसत नव्हता, आणि मंठ्याच्या खेड्यातील घरात एकाने शिकले तर बाकीचे तसेच राहिले. तो एक बहुधा कोण असेल, हे सांगायला नको.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले, बायकांत हे प्रमाण ३३ टक्के निघाले. स्वतः वापरतो असा मोबाइल असणाऱ्या बायका ५४ टक्के होत्या. आपल्या वस्त्यांत घरोघरी शिलाईचे, पिको-फॉलचे, जरीचे काम बायका करतात. मालाचा निरोप मात्र नवऱ्याच्या मोबाइलवर येतो आणि मजुरीही त्याच्या खात्यात जाते. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजनेचे फॉर्म निघाले आणि २०२५ मध्ये त्यासाठी ई-केवायसी करायची वेळ आली, तेव्हा ओटीपीसाठी बायका दारोदार फिरल्या. आधारला जोडलेला क्रमांक कोणाच्या तरी जुन्या सिमचा होता. पंधराशे रुपये बाईच्या नावाचे आणि कुलपाची किल्ली दुसऱ्याकडे, हा प्रकार आपण सर्वांनी पाहिला.

म्हणून आमची सूचना अशी. बाजारातील चार-पाच दुकानांनी मिळून सकाळी शटर उघडण्याआधी किंवा रात्री इशाच्या नमाजनंतर अर्धा तास काढावा. चार माणसांमागे एक मोबाइल पुरे. पण मोबाइल त्याच्या हातात द्यावा, ज्याला सर्वांत कमी येते. ज्याला येते त्याने तोंडाने सांगावे, बोट लावू नये. नाहीतर हुशार माणूस दोन मिनिटांत काम उरकतो आणि बाकीचे तीन पाहत राहतात. धडा म्हणून कविता-गोष्टी नकोत. त्या दिवशी ज्याच्याकडे जो कागद आला तो घ्यावा, वीजबिल, बँकेचा संदेश, बाजार समितीची पावती, नोटीस. रोज पाच शब्द भिंतीवर लिहावेत, डावीकडे मराठी आणि उजवीकडे उर्दू. हाताखालच्या गड्यालाही त्यात बसवावे. उद्या तो आपले दुकान टाकेल तेव्हा दुवा देईल.

बायकांसाठी त्यांच्या सोयीची वेळ ठेवावी आणि शिकवायला आपल्याच शिकलेल्या मुलींना बसवावे. ज्या बाईच्या हाताला काम आहे तिच्या नावाचे सिम, तिच्या नावाचे खाते आणि तिचा पिन तिलाच ठाऊक, एवढे तरी घरच्या कर्त्या माणसाने करून द्यावे. उर्दू शाळांतल्या मराठीच्या शिक्षकांना आठवड्यातून एकदा बोलवावे. मराठी शेजारी दुकानदारालाही बोलवावे. आपला अर्ज तो तपासून देईल, आणि त्याच्या घरातला आजोबांचा उर्दू कागद आपण वाचून देऊ. अशा देवघेवीने जो भरवसा बाजारात तयार होतो, तो भाषणांनी होत नाही.

आणि एक सवय आजपासून लावावी. मालाचा निरोप आवाजात न पाठवता लिहून पाठवावा, मग चार चुका झाल्या तरी चालतील. उत्तर देणारा आपोआप लिहून उत्तर देईल.

जालन्याला 'सोने का पालना' म्हणत आले आहेत. इथे कापूस पिकला, बियाण्यांचा धंदा वाढला, लोखंडाचे कारखाने आले, २०१८ साली रेशीम कोषांचा बाजारही भरू लागला. या प्रत्येक धंद्याचा कागद आज मोबाइलवर मराठीत फिरतो आहे. त्या व्यवहारात आपला माणूस मजूर म्हणून आहे, गाडीवाला म्हणून आहे, फेरीवाला म्हणून आहे. कागद वाचणारा आणि लिहिणारा म्हणून मात्र तो कमी दिसतो. वाचक बंधूंनी हा लेख वाचून झाल्यावर आज आपल्या मोबाइलवर आलेला एक मराठी संदेश दुकानातल्या त्या माणसाला वाचायला द्यावा, ज्याला आजवर कोणी वाचायला दिला नाही. तो अडेल तिथे थांबून त्याला सांगावे.